ओले इव्हिनरूड: होडीमागे इंजिन टांगणारा माणूस, आणि आमच्या नांदगावच्या अंगणातला न थांबणारा बीप



फोनची बॅटरी १५ टक्क्यांवर आली की स्क्रीनवर सूचना येते. आपण काय करतो? बोटाने बाजूला सारतो आणि रील बघत बसतो. फार तर फोन बंद पडेल, एवढंच. पण हीच सूचना होडीच्या इंजिनाने खाडीबाहेर, लाटांमध्ये दिली आणि तुम्ही ती अशीच बाजूला सारलीत तर? आजचा लेख त्याबद्दल आहे. आणि ज्या माणसाने होडीच्या मागे इंजिन टांगायची कल्पना जगभर पोचवली, त्याच्याबद्दल तर आहेच.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. मी पुण्याहून सुट्टी घेऊन घरी नांदगावला आलो होतो. आमचं नांदगाव कणकवली तालुक्यातलं. मुंबई-गोवा महामार्गावर तिठा आहे, तिथून देवगडचा रस्ता फुटतो. कोकण रेल्वेचं नांदगाव रोड स्टेशनही आहे. समुद्र मात्र गावात नाही. तरी त्या दिवशी आमच्या अंगणात टेम्पोतून एक आऊटबोर्ड इंजिन उतरलं. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, आचऱ्याच्या खाडीवरून ते घेऊन आले होते. कारण साधं होतं. माझा चुलतभाऊ दादा तिठ्याजवळ गाड्यांचं वायरिंग करतो, आणि मी इंजिनिअर. मी सॉफ्टवेअरवाला आहे, माझ्या इंजिनांना पेट्रोल लागत नाही, हे काकांना पटवणं मी केव्हाच सोडून दिलंय.

तक्रार अशी होती की चावी फिरवली की हॉर्न वाजायला लागतो आणि थांबतच नाही. मशीन चालतं, होडी पळते, पण कानाशी सतत पीऽऽऽ. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपणार होती. काकांकडे वेळ नव्हता आणि बंदरावरच्या कुणीतरी त्यांना सोपा उपाय सांगितला होता: हॉर्नची वायर कापून टाक. काका कटर घेऊनच आले होते.

कटर बाजूला ठेवायला लावून मी चहा मागवला. चहा येईपर्यंत कव्हर उघडून बघत बसलो. काकांनी विचारलं की हे असलं मशीन पहिल्यांदा केलं कुणी. मला तेव्हा फक्त नाव माहीत होतं. रात्री लोड शेडिंगमध्ये फोनवर वाचत बसलो आणि मग त्या माणसात अडकलोच.

नाव ओले, धंदा पाण्यातला

त्याचं नाव ओले इव्हिनरूड. मराठीत ओले म्हणजे भिजलेले, त्यामुळे आमच्या घरात त्या नावावर बरीच चेष्टा झाली. पण हे नॉर्वेतलं अगदी नेहमीचं नाव आहे. जन्म १९ एप्रिल १८७७, नॉर्वेमध्ये. पाच वर्षांचा असताना घरचे अमेरिकेला गेले आणि विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज नावाच्या गावाजवळ शेती करू लागले. शेजारी रिप्ली नावाचं तळं. शाळा त्याची थोडक्यातच आटोपली, शेतावर हात हवे होते. पण पोराला यंत्रं आवडायची आणि पाणी आवडायचं. वडिलांना यातलं काहीच आवडायचं नाही. असं सांगतात की त्याने लपूनछपून एक शिडाची होडी बांधली, ती वडिलांनी मोडून टाकली, तर त्याने दुसरी बांधली आणि तळ्यावर आलेल्या पाहुण्यांना पैसे घेऊन फिरवलं. पोरगा त्या होडीवर पैसे कमावतोय हे दिसल्यावर वडिलांचा विरोध मावळला म्हणे. पैसे आले की वडील गप्प बसतात, हे कोकणात वेगळं सांगायला नको.

सोळाव्या वर्षी तो मॅडिसन शहरात गेला आणि यंत्रांच्या कारखान्यात लागला. डिग्री नाही, कॉलेज नाही. दिवसा लेथवर काम, रात्री इंजिनिअरिंगची पुस्तकं. पुढे पिट्सबर्ग, शिकागो असं फिरत तो मिलवॉकीला आला. तिथे पॅटर्नमेकर म्हणून, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारा कारागीर म्हणून, त्याचं नाव झालं. तो काळ पेट्रोल इंजिनाचा होता. आज जसा प्रत्येक जण एआयचं काहीतरी करतोय, तसा तेव्हा प्रत्येक कारागीर इंजिन बनवत होता. १९०० साली ओलेनेही एका भागीदाराबरोबर छोटी कंपनी काढली, मागणीनुसार इंजिनं बनवून देणारी. ती काही नीट चालली नाही. पुढचे प्रयत्नही फसले. हात उत्तम, पण हिशोब, पत्रव्यवहार, वसुली यांत हा माणूस कच्चा.

इथे बेस केरी येते. शेजारची तरुण मुलगी, व्यवसायाचा अभ्यास शिकणारी. ती ओलेची पत्रं टाइप करायला, हिशोब लावायला मदत करू लागली. १९०६ मध्ये दोघांचं लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा राल्फ जन्माला आला. माझं मत विचाराल तर या गोष्टीतली निम्मी कंपनी बेसची आहे, फक्त पाटीवर नाव एकट्याचं लागलं.

वितळलेलं आइसक्रीम

आता ती प्रसिद्ध गोष्ट. लग्नाआधीच्या एका उन्हाळ्यात मित्रमंडळी ओकाची नावाच्या तळ्यावर सहलीला गेली होती. बेसला आइसक्रीम हवं होतं आणि दुकान पलीकडच्या काठावर, चारेक किलोमीटरवर. ओले वल्ही मारत गेला, आइसक्रीम घेतलं, वल्ही मारत परत आला. उन्हात आइसक्रीमचं पाणी झालं. आणि त्याच्या डोक्यात विचार आला की वल्ह्याच्या जागी इंजिन का नको.

गोष्ट गोड आहे, म्हणूनच जरा जपून घ्यायला हवी. कारण होडीमागे टांगायचं इंजिन ओलेने पहिल्यांदा केलेलं नाही. पॅरिसमध्ये ग्युस्ताव त्रूव्हे याने १८८१ मध्ये सीन नदीवर होडीला अडकवायची चक्क इलेक्ट्रिक मोटर चालवून दाखवली होती. आज आपण इलेक्ट्रिक आऊटबोर्डला भविष्य म्हणतो, तर ती पेट्रोलवाल्याच्या आधीची निघाली! अमेरिकेतच कॅमेरॉन वॉटरमन नावाचा माणूस ओलेच्या आधी पेट्रोल आऊटबोर्ड विकत होता. ओलेचं काम वेगळं होतं. त्याने ते मशीन साध्या माणसाला विश्वासाने वापरता येईल असं बनवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर डेमो दुसऱ्यांनी दिला, प्रॉडक्ट याने केलं.

पहिला नमुना बघून बेसला ते कॉफी दळायचं यंत्र वाटलं होतं. १९०९ मध्ये भाड्याच्या होडीला लावून मिलवॉकीतल्या नदीत चाचणी झाली. मग त्याने ते सुधारलं. एक सिलिंडर, दोन स्ट्रोक, दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड म्हणजे साधारण २८ किलो. किंमत ६२ डॉलर. एक मित्र चाचणीसाठी मशीन घेऊन गेला आणि दहा मशीनची मागणी, तीही रोख पैशांसकट, घेऊन आला.

त्याची रचना बघा, कारण ती आजही तीच आहे. वर इंजिन, त्याचा दांडा उभा खाली पाण्यात जातो, तिथे गिअर ती फिरकी आडवी करतात आणि पंखा फिरतो. इंजिन गार ठेवायला बाहेरचंच पाणी आत खेचायचं आणि फिरवून बाहेर टाकायचं. गाडीसारखा रेडिएटर नाही, कूलंटची बाटली नाही. चहूबाजूंनी पाणीच पाणी आहे तर वेगळं कशाला न्यायचं? कल्पना झकास आहे. पण तिच्यात एक धोका पहिल्या दिवसापासून बसलेला आहे. पाणी आत येणं थांबलं तर काही मिनिटांत इंजिन तापून आवळतं. पिस्टन सिलिंडरमध्ये जाम. तापमान दाखवायला ओलेच्या मशीनवर काहीच नव्हतं, ना काटा, ना हॉर्न. ठिणगीसाठी कोरड्या सेलची बॅटरी आणि कॉइल, इतकीच काय ती वीज. बाकी नजर, हात आणि नाक. दीड हॉर्सपॉवरला ते पुरत होतं.

अंगणातलं पिंप

काकांचं मशीन मात्र ४० हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, तिसऱ्या हाताने घेतलेलं, नव्वदच्या दशकातलं. कंपनीचं नाव सांगत नाही. दोष कंपनीचा नव्हताच, खाऱ्या पाण्याचा आणि आमच्या लोकांच्या जुगाडाचा होता.

अशा जुन्या मशीनचा अलार्म कसा काम करतो ते आधी समजून घेऊ. एकदा हे समजलं की अर्धं काम झालं. हॉर्नला दोन वायर. एकीवर चावी फिरवली की बॅटरीचे १२ व्होल्ट येतात. दुसरी वायर इंजिनावरच्या स्विचकडे जाते. सिलिंडरच्या डोक्यात बसवलेला तापमानाचा स्विच गार असताना उघडा असतो. इंजिन ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की तो मिटतो, वायर इंजिनाच्या धातूला म्हणजे अर्थला जोडली जाते, सर्किट पूर्ण होतं आणि हॉर्न वाजतो. ऑइलची वेगळी टाकी असलेल्या मशीनमध्ये टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो, ऑइल कमी झालं की त्याचाही स्विच हॉर्नला बोलावतो. म्हणजे हॉर्न एक, तक्रार करणारे अनेक. ऑफिसच्या ग्रुपसारखं.

कोणती तक्रार कुणाची हे बीपच्या चालीवरून कळतं. बऱ्याच मशीनमध्ये सलग आवाज म्हणजे इंजिन तापलंय, थांबूनथांबून बीप म्हणजे ऑइल कमी. चावी फिरवल्यावर एकदाच छोटा बीप येतो तो तर चांगला, हॉर्न जिवंत असल्याची हजेरी. पण ही चाल प्रत्येक कंपनीची, अगदी वर्षावर्षाची वेगळी असते. म्हणून मॉडेल नंबर बघून त्याचं मॅन्युअल शोधा. काकांच्या मशीनवरची नंबरची पट्टी गंजली होती, दादाने ब्रशने घासून ती वाचली आणि मी फोनवर पीडीएफ उतरवली. एवढंच माझं त्या दिवशीचं सॉफ्टवेअरचं काम.

आता तर्क करू. मशीन आदल्या रात्रीपासून बंद होतं, थंडगार. तरी चावी फिरवताच सलग हॉर्न. थंड इंजिन तापल्याची तक्रार करतंय म्हणजे खोटं बोलतंय. दोनच शक्यता उरतात: स्विच मिटूनच खराब झालाय, किंवा वायर मध्येच कुठेतरी धातूला टेकलीय. तापमानाच्या स्विचची वायर काढली. हॉर्न चालूच. म्हणजे स्विच निर्दोष सुटला. ऑइलच्या फ्लोटचं कनेक्टर शोधलं तर गंमत! टाकीच नव्हती. आधीच्या मालकाने ऑइलची टाकी काढून टाकली होती आणि पेट्रोलमध्ये हाताने ऑइल मिसळून चालवत होता. आपल्याकडे हे सर्रास चालतं. त्यात गैर काही नाही, प्रमाण नीट ठेवलं तर. पण टाकी काढली आणि वायर तशीच लोंबकळत ठेवली. ती कव्हरच्या रबराखाली दाबली गेली होती. आवरण घासून गेलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं, आणि ते इंजिनाच्या अंगाला टेकलेलं.

बॅटरी काढून मल्टिमीटर रेझिस्टन्सवर लावला. वायर ते इंजिनाचं धातू, जवळजवळ शून्य. हीच चोर. (बॅटरी जोडलेली ठेवून रेझिस्टन्स मोजू नका, आकडा चुकीचा येतो आणि मीटरही जाऊ शकतो.) दादाने खराब भाग कापला, टोक बंद करून त्यावर श्रिंक ट्यूब चढवली आणि वायर बांधून बाजूला घेतली. बॅटरी जोडली, चावी फिरवली. एक छोटा बीप, मग शांतता. काकांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की त्यांनी लगेच टेम्पोवाल्याला फोन लावला.

मी म्हटलं, पाण्यात चालवून बघू. विहिरीजवळचं मोठं पिंप भरलं, पंखा काढून ठेवला आणि मशीन पिंपाच्या काठावर फळी बांधून अडकवलं. पाणी पंपाच्या वर हवं, नाहीतर चाचणीतच इंजिन तापायचं. कोरडं तर क्षणभरही चालवू नका, पंपाचं रबर जळतं. सुरू केलं. मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार आली. ही धार म्हणजे इंजिनात पाणी फिरतंय याची खूण. आली खरी, पण बारीक. काका म्हणाले, ती अशीच असते. चारेक मिनिटं गेली असतील आणि हॉर्न पुन्हा सुरू झाला. सलग.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकांनी कटर उचललं.

दुसरा डाव

ही गोष्ट अर्धवट सोडून ओलेकडे जातो, कारण त्याच्याही आयुष्यात नेमकं इथेच, सगळं नीट झालं असं वाटताना, हॉर्न वाजला होता.

कंपनी वाढत होती. बेस दिवसा ऑफिस आणि घर बघायची, रात्री पत्रव्यवहार. वल्ही फेकून द्या अशा अर्थाची जाहिरात तिनेच लिहिली आणि पत्रांचा ढीग लागला. न्यूयॉर्कच्या एका निर्यातदारामार्फत मशीन स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांपर्यंत गेलं. जो मुलगा नॉर्वेहून आगबोटीने आला, त्याचं इंजिन उलट्या दिशेने तिकडे निघालं. १९११ मध्ये पेटंट मिळालं, त्याच सुमारास क्रिस मेयर नावाचा भागीदार पैसे घेऊन आला.

आणि बेस आजारी पडली. तब्येत इतकी ढासळली की १९१४ च्या सुमारास ओलेने आपला हिस्सा मेयरला विकून टाकला. स्वतःच्या आडनावाची कंपनी! करारात अट होती की पाच वर्षं या धंद्यात पाऊल टाकायचं नाही. त्याने ती पाळली. बायकोला आणि मुलाला घेऊन तो मोटारीतून देशभर फिरला. आमच्या क्षेत्रात स्टार्टअप विकून फिरायला जाणारे दिसतात, पण त्यांच्या हातात पुढच्या कंपनीचा आराखडा तयार असतो. ओलेने माणूस वाचवण्यासाठी दुकान सोडलं. मला त्याच्या सगळ्या शोधांपेक्षा हे जास्त मोठं वाटतं, आणि हेही खरं की माझ्यावर अशी वेळ आलेली नाही.

पण डोकं थांबत नव्हतं. मुदत सरता सरता त्याने नवं मशीन आखलं होतं: दोन सिलिंडर, अ‍ॅल्युमिनियमचे भाग, तीन हॉर्सपॉवर, आणि वजन फक्त ४८ पौंड, म्हणजे २२ किलोच्या आत. जुन्यापेक्षा दुप्पट ताकद आणि सहा किलो हलकं. धूरही त्याने पंख्यातून पाण्याखाली सोडला, म्हणजे आवाज कमी. तो सरळ मेयरकडे गेला आणि ते देऊ केलं. मेयरने नाही म्हटलं. जुनं मशीन खपत होतं, नवं कशाला?

मग पती-पत्नीने १९२०-२१ मध्ये दुसरी कंपनी काढली. स्वतःचं आडनाव वापरायची सोय नव्हती, ते विकलं होतं. म्हणून इव्हिनरूड यांचं हलकं जुळं आऊटबोर्ड या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं घेतली आणि नाव झालं एल्टो. म्हणजे आडनाव दाराने गेलं ते खिडकीतून आत आलं. बॅटरीच्या ठिणगीमुळे ते पाव वळसा फिरवलं की सुरू व्हायचं. पुढच्याच वर्षी जॉन्सन बंधूंनी आणखी हलकं मशीन आणलं आणि स्पर्धा पेटली. १९२८ मध्ये एल्टोने चार सिलिंडरचं, १८ हॉर्सपॉवरचं क्वाड काढलं. दीडवरून अठरा, वीस वर्षांच्या आत. आणि १९२९ मध्ये एल्टो, लॉकवूड आणि जुनी इव्हिनरूड या तीन कंपन्या एकत्र आल्या. अध्यक्ष कोण? ओले इव्हिनरूड. विकलेलं नाव पंधरा वर्षांनी परत हाती आलं.

आनंद करायला वेळ मिळाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. मंदीत मौजेच्या होड्या कोण घेणार? त्याने कंपनी उभी ठेवायला स्वतःच्या खिशातले पैसे घातले. १९३० च्या आऊटबोर्डमध्ये बटणावर सुरू होणारा इलेक्ट्रिक स्टार्टर आला. आमच्या विषयाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट, कारण स्टार्टर आला की होडीत मोठी बॅटरी आली, चार्जिंग आलं, वायरिंग आलं. आजच्या हॉर्नचा रस्ता तिथून सुरू होतो. हॉर्न स्वतः मात्र ओलेने पाहिला नाही. १९३३ मध्ये बेस गेली. १२ जुलै १९३४ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी, ओलेही गेला. कंपनी राल्फने सांभाळली. पुढे जॉन्सन आणि इव्हिनरूड एका छताखाली आले, २००० च्या अखेरीस ती कंपनी दिवाळ्यात निघाली, नाव दुसऱ्यांनी विकत घेतलं आणि २०२० मध्ये इव्हिनरूड नावाची आऊटबोर्डं बनायची बंद झाली.

कटर पुन्हा बाजूला

तर काकांनी कटर उचललं होतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. महिनाभर तो हॉर्न खोटं बोलत होता, आता दुरुस्त करूनही बोलतोय, तर खोटारड्याचं तोंड बंद करा. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो. सर्व्हरचा एक अलर्ट रोज उगाच येतो म्हणून म्यूट करतो, आणि ज्या दिवशी तो खरा येतो त्या दिवशी कुणी बघत नाही. माझ्याकडून झालंय असं एकदा, रात्री अडीचला फोन आला होता.

मशीन बंद केलं. पुन्हा तीच चाचणी: चावी चालू, तापमानाच्या स्विचची वायर काढली. या वेळी हॉर्न थांबला. म्हणजे तक्रार या वेळी स्विचकडूनच येत होती. आता स्विच खराब की डोकं खरंच गरम? घरात कोरोनाच्या काळातली कपाळाला लावायची तापमान-बंदूक होती. ती इंजिनावर धरली तर नुसतं हाय दाखवून गप्प. तिची धाव माणसाच्या तापापर्यंतच, इंजिनापुढे तिचा काय पाड! दादाने चमच्याने पाण्याचे दोन थेंब सिलिंडरच्या डोक्यावर टाकले. चर्रर्र. आंबोळीच्या तव्यासारखे उडाले. हॉर्न खरं बोलत होता.

इंजिन निवू दिलं. अर्ध्या तासाने वायर परत लावली, चावी फिरवली, सलग हॉर्न नाही. गार झाल्यावर स्विच आपोआप उघडला, म्हणजे स्विचही ठीक. मग खालचा भाग खोलून पाण्याचा पंप काढला. त्यात रबरी पात्यांचं चक्र असतं, इम्पेलर म्हणतात. सहा पात्यांपैकी एक तुटून गायब, उरलेली एका बाजूला वाकून कडक झालेली. पंपाच्या भांड्याला आतून वाळूचे ओरखडे. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीत वाळू ढवळलेली असते, ती पंपात जातेच.

तुटलेलं पातं कुठे गेलं हे शोधणं महत्त्वाचं. ते पाण्याच्या वाटेत पुढे अडकलं तर नवं इम्पेलर टाकूनही इंजिन तापणार. आमचं पातं पंपाच्या वरच्या नळीत सापडलं, चिमट्याने ओढून काढलं. धारेच्या भोकात मीठ आणि वाळू साचली होती, ती बारीक तारेने साफ केली. नवं इम्पेलर दुसऱ्या दिवशी मालवणहून आलं. बसवताना साबणाचं पाणी लावून, इंजिनाचा उभा दांडा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने इम्पेलर फिरवत पाती नीट बसवली. पुन्हा पिंप. या वेळी धार अशी जोरात आली की दादाच्या चपला भिजल्या. वीस मिनिटं चालवलं, मध्ये पिंपातलं पाणी कोमट झालं म्हणून बदललं. हॉर्न गप्प.

गंमत अशी की दोन दोष होते आणि पहिल्याने दुसऱ्याला झाकून ठेवलं होतं. वायर टेकल्यामुळे हॉर्न आधीच वाजत होता, त्यामुळे इंजिन खरोखर तापायला लागलं तेव्हा वेगळं सांगायला त्याच्याकडे आवाजच उरला नव्हता. काही मशीनमध्ये अशा वेळी वेग आपोआप कमी होतो. काकांच्या मशीनमध्ये ती सोय नव्हती. जून लागेपर्यंत ते त्याच मशीनवर बाहेर जात होते. किती वेळा ते जाम होता होता वाचलं असेल, हे मी त्यांना विचारलं नाही. मावशी तिथेच बसली होती.

तुमच्या घरी किंवा ओळखीत असं मशीन असेल तर एवढं नक्की करा: समुद्रावर हॉर्न वाजला तर आधी मागे वळून धार बघा. धार नसेल तर मशीन लगेच बंद करा, वर उचला आणि पाणी घ्यायच्या जाळीत प्लॅस्टिकची पिशवी किंवा जाळ्याचा तुकडा अडकलाय का बघा. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा तेच सापडतं. धार जोरात असेल तर वेग कमी करून किनाऱ्याकडे वळा आणि ऑइल तपासा. वायरिंगचा शोध किनाऱ्यावर, थंड मशीनवर, सावकाश.

३१ तारखेला मशीन परत टेम्पोत चढलं. काकांनी जास्तीचं एक इम्पेलर मागवून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलंय. १ ऑगस्टला सकाळी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आला. बोललं कुणीच नव्हतं. आधी चावीचा आवाज, मग एक छोटा बीप, मग मशीन सुरू झाल्याचा आवाज आणि मागे पाण्यात पडणारी धार.